दोन चौकटी

कागदावर दोन चौकटी.
एकीपुढे रुवी, दुसरीपुढे हैल सिद्र.
"घाई नाही, सिस्टर," मेट्रनबाई म्हणाल्या,
"पण गुरुवारी द्या."

रुवीत माझी खोली तिसऱ्या मजल्यावर,
खाली पैसे पाठवायचं दुकान.
त्याची पाटी रात्रभर हिरवी होते, पिवळी होते,
मग थोडा वेळ विझून विचार करते.
अकरा वर्षं मी त्या पिवळ्यात कूस बदलते आहे.
खोलीत तिघी. बिन्सी पहाटे उठून तेल लावते,
लोर्ना झोपेत तिच्या भाषेत कुणाशी तरी भांडते
आणि सकाळी विचारते, मी जिंकले का?
कोपऱ्यावर शफीउल. शनिवारी मेथीची एक जुडी
ओल्या गोणपाटाखाली माझ्या नावानं लपवतो.
"मेटी," म्हणतो. मी सुधारायचं केव्हाच सोडलं.

शुक्रवारी हैल सिद्र बघून आले.
डोंगर असे, की कुणी सोलून ठेवलेत.
दोन खोल्यांचं आरोग्यकेंद्र, लसींचा फ्रिज,
बाहेर बाक, बाकावर शेळी.
उम्म मुंधिरनं कावा दिला, खजूर पुढे सरकवले.
मी पेला रिकामा केला, तिनं भरला.
रिकामा केला, भरला.
सातव्याला तिचा नातू हसला:
पुरे असेल तर पेला हलवायचा असतो.
अकरा वर्षांत रुवीनं मला हे शिकवलं नव्हतं,
तिथे आम्ही कागदी कपातून पितो, उभ्यानं.

नातवाचं नाव सऊद. वय एकोणीस.
त्यानं हळूच विचारलं,
तुमच्याकडे रात्री सगळं किती वाजता बंद होतं?
बंद होत नाही, म्हटलं.
त्याच्या चेहऱ्यावर पाटी लागली,
आधी हिरवी, मग पिवळी.

रात्री झोप येईना.
शांतता एवढी, की फ्रिज थांबला
आणि मी दचकून उठले.
स्वतःचं रक्त कानात ऐकू येत होतं,
आणि मी, रोज दुसऱ्यांचं रक्त काढणारी,
त्याला घाबरले.
रुवीतल्या भांडणासाठी जीव कासावीस झाला. खरंच.

तीनला कुठेतरी मोबाइलचा गजर वाजला.
मग चपला. मग बॅटरीचा उजेड, खाली, जमिनीलगत.
फलजच्या काठी एक म्हातारा वाकला,
चिंध्यांत गुंडाळलेला दगड उचलून
त्यानं पाण्याचं तोंड फिरवलं.
पाणी दुसऱ्या वाफ्याकडे निघालं,
आधी माती पिताना, मग नुसतं जाताना.
"अथर," तो मला म्हणाला, अर्धं बोट दाखवून:
अर्धा तास माझा, मग शेजाऱ्याचा.
पूर्वी म्हणे तारे बघून ठरवायचे.

आणि मला एकदम शब्द आठवला,
दारं धरणं.
दोनला लाइट आली की अण्णा
उसाला दारं धरायला जायचे,
अंगावर पोतं, खांद्यावर खोरं,
आणि मी अंथरुणातून ऐकायचे
पाणी कुठल्या सरीत शिरलं ते.
वाळवं सोडल्यापासून हा शब्द मी
कुणाशी बोलले नव्हते. कुणाशी बोलणार?

बुधवारी बिन्सी म्हणाली, तिथे तुझं कोण आहे?
कुणी नाही.
मग?
मला नीट सांगता येईना.
लोर्ना म्हणाली, जाऊ दे तिला, माझी भांडणं तरी ऐकायची थांबेल,
आणि उठून बाथरूममध्ये गेली,
बराच वेळ नळ सोडून.

रात्री पाटीच्या उजेडात मी खूण केली.
हिरव्यात पेन उमटलं नाही.
पिवळ्यात दाबून पुन्हा.

शफीउलला सांगितलं, आता शनिवारची जुडी ठेवू नकोस.
तो काही बोलला नाही. आत गेला,
वर्तमानपत्राच्या पुडीत मेथीचे दाणे घेऊन आला,
मूठभरही नसतील.
तिकडे पाणी आहे ना? विचारलं त्यानं.

आहे, म्हटलं.
पाळीनं.